एका झाडाची सर्वपक्षीय बैठक

घराचा नकाशा, फरशी, रंग यांवरून आमचं कुणाशी फारसं बिनसलं नाही. बिनसलं ते फाटक आणि पायरी यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीवरून. तिथं एक बऱ्यापैकी झाड आणि कडेला दोन-तीन झुडपं, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. पण पुण्यात माणूस स्वतःच्या गॅलरीतली तुळस सुकवेल, दुसऱ्याच्या अंगणात काय लावावं याबद्दल मात्र त्याचं मत ठाम असतं.

आईनं पहिला हक्क सांगितला. "दारी आंबा हवाच. हापूस." हापूस कोकणाबाहेर रुसतो, देशावर केशर बरा, असं म्हटल्यावर तिनं उदार मनानं केशरलाही परवानगी दिली. अडचण वेगळीच होती. आंब्याच्या दोन कलमांत १० मीटर अंतर ठेवतात आणि आमची पट्टी जेमतेम ३ मीटरची. म्हणजे खोड आमच्याकडे, मोहोर शेजाऱ्यांकडे आणि कैऱ्या रस्त्यावरच्या पोरांकडे. "मग शेवगा लावू, शेंगा तरी मिळतील," म्हणताच आत्या दचकली. शेवगा दारात असला की घरात भांडणं होतात म्हणे. त्याचं लाकूड ठिसूळ, फांदी कधी कुणाच्या डोक्यात पडेल नेम नाही, तेव्हा भांडणाचं मूळ त्यात असावं. आमच्याकडे मात्र शेवगा न लावताच भांडण व्यवस्थित चालू होतं.

मग वास्तुशास्त्र जाणणारे एक काका आले. "काटेरी नको, चीक येणारं नको." एवढ्या एका वाक्यात लिंबू, बोगनवेल, चाफा, उंबर आणि कण्हेर बाद.

"आणि गुलाब?"

"गुलाब चालतो."

सवलतीचा निकष त्यांनी सांगितला नाही.

गुलमोहरावर शेजाऱ्यांनी नकाराधिकार वापरला आणि त्यांची बाजू खरंच भक्कम होती. मादागास्करहून आलेलं हे देखणं झाड वळवाच्या वादळात फांद्या टाकतं आणि त्यांची गाडी नेमकी तिथंच उभी असते. सातवीण म्हणावं, तर त्यांच्या सौभाग्यवतींना अर्धशिशी. ऑक्टोबरात सातवीण फुलली की अंधार पडल्यावर अख्खी गल्ली त्या वासानं भरून जाते. मला तो वास आवडतो, पण हे बोलायची सोय राहिली नव्हती.

पारिजातकासाठी मी अडून बसलो. बायको म्हणाली, "सडा पडतो, कबूल. पण तो झाडायचा कोणी?" शिवाय सडा भिंतीपलीकडेही पडणार. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या, या प्रकरणात जिथं साक्षात कृष्णाला दोन घरांची समजूत काढणं जड गेलं, तिथं आमच्या सोसायटीच्या चेअरमनची काय कथा!

शेवटी ताम्हण निवडून आलं. महाराष्ट्राचं राज्यपुष्प, एप्रिल-मेच्या उन्हात जांभळं होऊन जातं, वगैरे प्रचार मी केला खरा. पण ते निवडून यायचं कारण एवढंच, की त्याच्याविरुद्ध कुणालाच काही माहीत नव्हतं.

खड्डा ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल, आणि तो उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचा, अशी रीत आहे. पहार मारली आणि अर्ध्या फुटावर ठण्ण! वाटलं, कातळ लागला. निघाला आमच्याच घराचा राडारोडा. फरशीचे तुकडे, सेंटरिंगची गंजकी तार, डाव्या पायाची एक चप्पल आणि सिमेंटची एक सबंध गोणी. दगड झालेली, पण घडीच्या खुणांसकट गोणीचा आकार जसाच्या तसा. बिलात सिमेंट जास्त का वाटत होतं, त्याचा उलगडा असा जमिनीखालून झाला. त्याखाली मुरूम लागला आणि मुरूम दिसताच मजुरानं दर वाढवला.

पावसाच्या तोंडाशी शेणखत, पोयटा आणि निंबोळी पेंड घालून खड्डा भरला. आत्याच्या आग्रहाखातर हाडांचं खतही घातलं. त्या रात्री गल्लीतल्या समस्त कुत्र्यांनी खड्डा पुन्हा ३ फूट करून दिला, तोही फुकटात.

नर्सरीतला पोरगा म्हणाला होता, "पिशवीसकट लावा, मुळं आपोआप फाडतात." पिशवी ब्लेडनं उभी चिरली, तर तळाशी मुळांचं वेटोळं, चकलीला लाजवेल असं. ते बोटांनी सोडवून रोप लावलं, काठीला बांधलं.

कडेला जास्वंद लावली, कारण गणपतीपुढे कुणाचं मत चालत नाही. तिच्यावर पिठ्या ढेकूण पडतो, कोवळे शेंडे पांढऱ्या कापसासारखे होतात. मी ते जुन्या टूथब्रशनं घासत बसतो. पण कळ्या वाचल्या तरी फुलं आमची नव्हेतच. पहाटे फिरायला निघणाऱ्या मंडळींकडे आकडा लावलेली काठी आणि दुधाची रिकामी पिशवी असते.

परवा त्यांतल्या एक काकू भिंतीवरून वाकून फांदी ओढता ओढता म्हणाल्या, "अहो, ते ताम्हण चुकीच्या दिशेला लावलंय तुम्ही. काढा ते."

ताम्हण माझ्या कमरेएवढंही नाही. तरी मी शक्य तितक्या सरकारी आवाजात सांगितलं, "शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, काकू. रीतसर अर्ज करावा लागतो."

"असं होय?" म्हणत काकूंनी आणखी दोन फुलं पिशवीत टाकली. "मग राहू दे. आणि या जास्वंदीची एक जाडसर फांदी काढून ठेवा हो, उद्या नेते. आमच्याकडे लावायचीय. आमच्या दारातली फुलं मेली कुणी ठेवतच नाही."