इफडेफ वाचवा हो भाऊ!

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वरही जातो. तशात तुम्ही क्यूएमूची, म्हणजे एका संगणकात दुसरा संगणक भासवणाऱ्या प्रोग्रॅमची, सगळी कॉन्फिगरेशन्स बिल्ड करून बघणार? कशाला जिवाला त्रास! इफडेफ घाला, म्हणजे 'हे नाव डिफाइन असेल तरच पुढचा कोड घे' ही सी भाषेतली अट. कॉन्फिग_केव्हीएम (लिनक्स कर्नलची व्हर्च्युअलायझेशनची सोय, केव्हीएम, बिल्डमध्ये घेतल्याची खूण) नसेल तिथे तो भाग कंपायलरच्या आधी चालणारा प्रीप्रोसेसरच उडवतो, कंपायलरला त्याचा वासही लागत नाही. आतल्या फंक्शनचं नाव बदलो, आर्ग्युमेंट वाढो, अर्धविराम गळो, तुमच्या लॅपटॉपवर बिल्ड हिरवंगार. ज्याला कळायचं त्याला वर्षभराने कळेल, आणि तो बहुधा पुण्याचा असेल.

काही शिष्ट मंडळी म्हणतात, साधं 'इफ' लिहा आणि केव्हीएम_एनेबल्ड() ला विचारा. केव्हीएमशिवायच्या बिल्डमध्ये त्याचं उत्तर थेट शून्य येतं, मग ऑप्टिमायझर ती फांदी छाटतो. पण छाटण्याआधी कंपायलर ती वाचतो ना! आपल्या चुका अशा चारचौघांत कोणी कशाला वाचाव्यात?

स्पेलिंगचं सुख तर विचारूच नका. केव्हीएमच्या जागी केएमव्ही लिहिलं तरी इफडेफ हूं की चूं करत नाही. असं काही डिफाइनच नाही म्हणून गुपचूप पुढे जातं. फंक्शनचं नाव असं चुकवून बघा, लगेच बोंब.

राहिलं गिऱ्हाईक. बिल्ड जळगावात झालं, चालणार शिरपुरात, आणि तिथल्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद. चालू असलं तरी अमुक सोय आहे का, हे कर्नलला चेक_एक्स्टेन्शन करून तिथल्या तिथे विचारता येतं. पण बिल्डच्या वेळी इफडेफपाशी आपल्या मशीनने एकदा 'आहे' म्हटल्यावर शिरपूरच्या मशीनची 'नाही' म्हणायची बिशाद काय?

क्यूएमूवाल्यांनी तर हद्दच केली. टार्गेटची (ज्या प्रोसेसरचं सोंग घ्यायचं त्याची) मॅक्रो, म्हणजे इफडेफने तपासायची नावं, सामाईक कोडमध्ये कोणी वापरू नयेत म्हणून जीसीसी कंपायलरच्या प्रॅग्माने (खास सूचनेने) ती चक्क 'पॉयझन' करून ठेवलीत. शिवलं की बिल्ड आडवं! का, तर सामाईक फाइल एकदाच कंपाइल व्हावी. एक्स८६ ला वेगळी, आर्मला वेगळी असं नको. यांना कोणी सांगावं, की रिलीजच्या दिवशी तीच फाइल दर टार्गेटला नव्याने कंपाइल होऊ दिली, तर तेवढ्यात आपली शेवभाजी खाऊन होते, वर एक डुलकीही. साहेबांनी फोन केलाच तर 'बिल्ड चालू आहे' हे खोटंही नसतं.