सुजलेल्या पायाचा नंबर

आज दुपारी बाईंबरोबर नाशिकच्या अंबडला खोली बघायला गेले होते. तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय.

बाई म्हणजे मला सातवीला गणित शिकवणाऱ्या. परगावच्या मजुरांची बुडवलेली मजुरी, पोरांचे शाळाप्रवेश, खोल्या, सगळ्यासाठी या वयातही धावतात. आज एक बिहारी वेल्डर होता, बायको, दोन पोरं. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मालकाने आधार कार्ड बघितलं आणि म्हणाला, "भय्या लोकांना देत नाही." बाई म्हणाल्या, "बरं. सुरगाण्याचं एक कुटुंब आहे, बांधकामावर आहेत, मराठीच आहेत. त्यांना द्या." तर म्हणे, "आदिवासी पण नको. एकाच्या नावावर घेतात न् दहा जण राहतात."

मग मराठीचं नाव कशाला पुढे करता हो?

मला मे 2020 आठवला. कसारा घाट चढून माणसं चालत येत होती, विल्होळीजवळ आम्ही खिचडी वाटत होतो. बाईंच्या हातात सुतळीचं बंडल. खाली बसायच्या, प्रत्येकाचं पाऊल मोजून सुतळी कापायच्या. जेवणं होईपर्यंत एक पोरगा त्या सुतळ्या घेऊन मोटरसायकलवर जायचा आणि ओळखीच्या दुकानदाराला मागचं दार उघडायला लावून चपला आणायचा. मी म्हटलं, बाई, सरळ नंबर विचारूया ना. म्हणाल्या, "सुजलेल्या पायाचा नंबर वेगळा असतो गं."

तेव्हा ते फोटो बघून "बाई म्हणजे देवमाणूस" लिहिणारे तुमच्यातलेच होते. आज आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर त्याच बाईंचा फोटो टाकून "हिला यूपीला पाठवा" लिहिलंय, आणि खाली अंगठे. संताप होतो. महाराष्ट्राची पहिली श्रमिक रेल्वे 1 मेच्या रात्री नाशिकरोडहूनच भोपाळला सुटली होती. एवढ्यात विसरलात?

स्थानिक पोरांना एमआयडीसीत पर्मनंट नोकरी मिळत नाही, हे खरंय. मान्य. पण परप्रांतीय माणूस कमी पैशात बारा तास राबतो आणि तक्रार करत नाही, म्हणून ठेकेदार त्याला घेतो. त्या ठेकेदाराला कुणी जाब विचारत नाही. आणि पेठ-सुरगाण्याची माणसं गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात पहाटेपासून उभी असतात, ती तर स्थानिकच ना? त्यांनी छाटणी करायची, विरळणी करायची, आपली द्राक्षं परदेशात जायची, आणि रात्री झोपायचं मळ्यातल्या पत्र्याखाली. 2027 च्या सिंहस्थाचे रस्ते, पूल कोण बांधतंय तेही एकदा जाऊन बघा. काळारामाच्या दारासाठी 1930 साली सत्याग्रह झाला ते हे शहर, आणि इथे माणसाचा गाव विचारून दार लावतात.

या कामात का पडलात, असं एकदा बाईंना विचारलं होतं. फेब्रुवारी 2008 मध्ये उत्तर भारतीयांवर हल्ले झाले, कारखान्यांतले कामगार गठुडी घेऊन स्टेशनवर पळाले. बाईंच्या वर्गातला एक मुलगा यायचा बंद झाला. घरी गेल्या तर कुलूप. "मार्च संपेपर्यंत हजेरीत त्याच्या नावापुढे गैरहजर लिहीत होते मी. नाव कमी करवेना." एवढंच म्हणाल्या.

विल्होळीला एक पोरगा होता, सतरा-अठराचा. चपलेच्या जागी चेपलेल्या पाण्याच्या बाटल्या, चिंधीने बांधलेल्या. बाई चिंधी सोडायला लागल्या की तो पाय मागे घ्यायचा. "माँजी, पैर मत छुइए." बाईंनी त्याची टाच धरून ठेवली, सुतळी लावली, गाठ मारली. तो रडत होता, बाई नव्हत्या.

आज मात्र रिक्षात बसल्यावर त्यांनी डोळे पुसले. पहिल्यांदाच बघितलं मी. जरा वेळाने म्हणाल्या, "उद्या सातपूरला बघू. आठला निघ."

कुणाकडे अंबड, सातपूर किंवा पाथर्डी फाट्याला खोली असेल तर इनबॉक्स करा. संडास सामायिक चालेल, पाणी हवं. दोन कुटुंबं आहेत. भाडं वेळेवर मिळेल, मी जामीन राहते.