स्वावलंबनाचे बत्तीस चौरस फूट

काही पुस्तकं आडवं पडून वाचू नयेत. स्वावलंबी जगण्यावरची तर मुळीच नाहीत. आडवं पडलेल्या माणसाला शेती फार सोपी वाटते. डोक्याखाली उशी असते, वर पंखा असतो, आणि पुस्तकातला माणूस पहाटे उठून गाईची धार काढत असतो. दुसऱ्या प्रकरणापर्यंत ती धार आपणच काढतोय असं वाटायला लागतं.

माझी सुरुवात अमेरिकन लेखक थोरोच्या ‘वॉल्डन’पासून झाली. हा गृहस्थ ४ जुलै १८४५ रोजी तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षं दोन महिने तिथे राहिला. झोपडीचा खर्च त्यानं अर्ध्या सेंटापर्यंत लिहून ठेवलाय: २८ डॉलर साडेबारा सेंट. अडीच एकरांत त्यानं मुख्यतः घेवडा लावला. सगळ्या ओळी एकापुढे एक ठेवल्या तर सात मैल भरतील एवढा. तो खुरपता खुरपता उन्हाळा गेला आणि हातात निव्वळ नफा पडला ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. बरं, घेवडा त्याला स्वतःला खायचाही नव्हता. तो देऊन त्यानं तांदूळ घेतले. हे वाचून शहाण्या माणसानं पुस्तक मिटलं असतं. मी उठलो आणि बाल्कनी मोजली.

आठ बाय चार. बत्तीस चौरस फूट, त्यातले चार वॉशिंग मशीनचे.

मग जॉन सीमोर या इंग्रज लेखकाचं स्वावलंबनावरचं १९७६ सालचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात सुखी संसाराचा आराखडाच काढून दिलाय: एक एकर जमीन, त्यातला अर्धा एकर गाईच्या गवताला, उरलेल्या अर्ध्याचे चार तुकडे आणि त्यांत आलटून पालटून पिकं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. मी भागाकार केला. माझ्या १,३६१ बाल्कन्या. एकट्या गाईलाच ६८० लागत होत्या. रात्री जेवताना मी जड अंतःकरणानं जाहीर केलं, “गाय रद्द.”

“ठरली कधी होती?” बायको म्हणाली.

आईला मात्र या सगळ्यात रस वाटला. तिनं चष्मा लावून पुस्तकातली चित्रं पाहिली: लोणी घुसळणारी बाई, टोपली विणणारा बाप्या, विहीर. “हे सगळं होतं की आमच्याकडे,” ती म्हणाली. मला स्फुरण चढलं. घरातच चालतंबोलतं पुस्तक असताना मी बाहेरून कशाला मागवत होतो?

“मग सांग ना, कसं होतं ते आयुष्य?”

“नळ आला त्या दिवशी माझी आई रडली होती. आनंदानं.” पुस्तक मिटून तिनं ते मला परत दिलं. “आणि याला आम्ही स्वावलंबन नव्हतो म्हणत. काम म्हणायचो.”

आईचं बोलणं मी वैयक्तिक अनुभव या सदरात टाकलं आणि कामाला लागलो. म्हणजे ऑर्डर दिल्या. कुंड्या आल्या, बिया आल्या, नारळाच्या काथ्याचा भुसा विटेसारखा दाबून आला, गांडूळखत आलं, आणि शेवटी माती आली. स्थानिक अन्न पिकवण्यासाठी आठवड्यात अकरा खोकी आमच्या दारात उतरली, त्यातलं एकही गावातलं नव्हतं. मातीचं पोतं चौथ्या मजल्यावर चढवून कुरिअरवाल्या मुलानं घाम पुसला आणि विचारलं, “काका, खाली माती नाही का?” मी सही केली.

इथवर निदान घरातले माझ्या बाजूनं नसले तरी विरोधात नव्हते. बिनसलं ते बार्बरा किंगसॉल्व्हर या अमेरिकन लेखिकेमुळे. २००७ साली आलेल्या तिच्या पुस्तकात तिचं कुटुंब वर्षभर आपल्या भागात पिकेल तेवढंच खातं. त्यात तिनं एक पळवाट ठेवलीय: घरातल्या प्रत्येकानं बाहेरची एकेक चीज निवडायची. नवऱ्यानं कॉफी घेतली, थोरलीनं सुका मेवा, धाकटीनं चॉकलेटचं पेय, तिनं स्वतः मसाले. मला हा करार फार सुसंस्कृत वाटला. मी घरात बैठक बोलावली. बायकोनं कॉफी घेतली. कन्येनं चॉकलेट घेतलं. आईनं चहा म्हटलं, मग साखर म्हटलं, आणि दोन्ही मिळून एकच वस्तू होते यावर ती ठाम राहिली. माझ्या वाट्याला नैतिक अधिष्ठान आलं.

बाकीच्या वस्तूंसाठी मी शंभर मैलांचा नियम लावला. हाही उसनाच. व्हँकुव्हरमधल्या एका जोडप्यानं २००५ मध्ये ठरवलं की वर्षभर घरापासून शंभर मैलांच्या आत उगवलेलंच खायचं. शंभर मैल म्हणजे १६० किलोमीटर. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण त्या दोघांना गहू सापडेना. कित्येक महिने पाव नाही, बटाट्यावर बटाटे. मिठासाठी तर समुद्राचं पाणी उकळायची वेळ आली. हा भाग मी घरात वाचून दाखवायला नको होता. कन्या बारा वर्षांची आहे आणि तिला नियम फार आवडतात, विशेषतः दुसऱ्यांसाठी केलेले. तिनं फोनवर नकाशा उघडला आणि पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली.

“बाबा, तेल सातशे किलोमीटर.”

“ठेव खाली.”

“डाळ परदेशातली आहे.”

“ठेव म्हटलं ना खाली.”

तिसऱ्या दिवशी तिनं माझं पुस्तक उलटं करून ते कुठे छापलंय ते शोधलं. समुद्रापलीकडे निघालं. त्यानंतर दोन दिवस ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून वाचलं.

पावाचं विरजणही याच काळातलं. पीठ आणि पाणी कालवून ठेवायचं, पिठातलेच यीस्ट आणि जिवाणू त्यात वाढतात, बाहेरचं काही लागत नाही. लागत नाही हे खरं, पण त्याला रोज खाऊ घालावं लागतं, आणि खाऊ घालण्याआधी त्यातलं बरंचसं काढून टाकावं लागतं, नाहीतर ते घर व्यापतं. म्हणजे रोज पीठ फेकायचं आणि रोज पीठ घालायचं. पहिला पाव झाला तेव्हा सुरी आत जाईना. बायकोनं तो उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाली, “दाराला लावू या, वाऱ्यानं आपटतं ते.” थोरोनं एकदा यीस्ट उकळून मारलं आणि मग त्याच्यावाचूनही चालतं असं ठरवून टाकलं. मोठ्या माणसांच्या फजितीचं तत्त्वज्ञान होतं. माझ्या फजितीचा पाचर झाला. अजून दाराला आहे.

आता टोमॅटोकडे येतो, कारण खरा छळ त्यानंच मांडला. रोपं छान वाढली, पिवळी फुलंही आली. आणि सगळी एकेक करून गळून पडली. वाचनात निष्पन्न झालं की टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, परागही तिथेच असतात, पण ते सुटायला फूल थरथरावं लागतं. ते काम वारा करतो, नाहीतर काही भुंगे फुलाला लटकून गुणगुणतात. आमच्या बाल्कनीला तिन्हीकडून भिंती आणि समोर जाळी. वारा येत नाही आणि भुंग्यांनी पत्ता घेतलेला नाही. यावर जाणकारांचा उपाय असा की विजेचा टूथब्रश चालू करून देठाला हलकेच लावावा.

लावला. सकाळी सहा वाजता, लुंगीवर, गुडघ्यांवर बसून मी एकेका फुलामागे टूथब्रश धरत होतो. पिवळी पूड खरोखर उडाली, बोटाला लागली, आणि मला इतका आनंद झाला की मी फुलाशी बोललो. काय बोललो ते लिहिणार नाही. समोरच्या बाल्कनीत शेजारचे काका दात घासत उभे होते. त्यांनी आधी माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि तोंड न धुताच ते आत गेले.

याच सुमारास माझ्या हाती नैसर्गिक शेतीवर लिहिणारे जपानचे शेतकरी फुकुओका लागले आणि वाटलं, आपला माणूस भेटला. त्यांचं ‘काही न करण्याची’ शेती हे प्रकरण वाचून मला भरून आलं. नांगरायचं नाही, निंदायचं नाही, रासायनिक खत नाही, फवारणी नाही. माझ्या स्वभावाला अशी शास्त्रीय मान्यता कुणीच दिली नव्हती. मी लगेच काही करेनासा झालो. नऊ दिवसांत तीन रोपं वाळली आणि उरलेल्या दोनांवर पांढरा मावा आला. मग पुढची पानं वाचली. फुकुओकांनी वडिलांच्या संत्र्याच्या बागेत आधी हेच केलं होतं: छाटणी बंद, फांद्यांचा गुंता, कीड, आणि बाग वाळली. ती नैसर्गिक शेती नव्हे, नुसती हयगय, हे कळायला त्यांना बाग लागली. मला तीन कुंड्या लागल्या, म्हणजे तसं स्वस्तात सुटलो. एक मात्र खरं, पुढची पानं आधी वाचायची सवय मला नाही.

मावा कुणी घालवला हे मला नंतर कळलं. आई दुपारी मी ऑफिसात असताना जुन्या टूथब्रशनं एकेक पान साबणाच्या पाण्यानं पुसत होती. पाणीही तीच घालत होती. “तुझं ते काही न करणं चालू दे,” एवढंच म्हणाली.

रोप दोन, टोमॅटो चार. एक पक्ष्यानं नेला. एकाच्या बुडाला काळा चट्टा पडला; पाणी कधी जास्त कधी कमी झालं की असं होतं म्हणे. तिसरा कन्येनं शाळेत प्रकल्प म्हणून नेला आणि त्याचं काय झालं ते ती सांगत नाही. चौथा मी रविवारी सकाळी सगळ्यांना जमवून तोडला. पाच महिन्यांचं स्वावलंबन तळहातावर मावत होतं. बायकोनं धारदार सुरी काढली आणि नेमक्या चार फोडी केल्या. कुणी बोललं नाही. आईनं फोड तोंडात घातली, चावली, डोळे मिटले.

“कसा आहे?” मी विचारलं.

“मीठ आण जरा.”

मी मिठाचं पाकीट आणलं. वाटेतच कन्येनं ते माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि बारीक अक्षरांत पत्ता शोधायला लागली. तिला तो सापडेपर्यंत आईनं माझ्याही वाटची फोड संपवली होती.