शिस्त आणि लहर: एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

मुलांना घरातले लहानसहान निर्णय घेऊ द्यावेत, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात आजोबांच्या धाकात वाढलेली आपण सहाही भावंडे कर्तबगार निघालात, तेव्हा हे पाश्चात्त्य खूळ आपल्याकडे नको, हा पहिला. आणि ज्याच्या घरी फी भरायला पैसे नाहीत त्या मुलाला ‘सारे तुझ्याच हातात आहे’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर आपल्याच लिहिण्यात आहे. दिवेलागणीच्या आत घरी आले नाही तर दुसऱ्या दिवशी खेळ बंद, हा आजोबांचा नियम थोरल्या नातवालाही चुकला नाही आणि वेळेवर परतणाऱ्याला त्यांनी कधी अडवले नाही, असे आपण लिहिता. म्हणजे उद्याचा खेळ आपल्याच वागण्यावर अवलंबून होता आणि ते आपल्याला पक्के ठाऊक होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी 1966 साली मांडलेला प्रश्न हाच आहे: वाट्याला येणारे बरेवाईट आपल्या करण्यातून येते असे माणसाला वाटते, की नशिबातून किंवा दुसऱ्याच्या मर्जीतून? घर कडक की मवाळ, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि माझ्या लेखात या दोहोंची सरमिसळ झाली, हे मी मान्य करतो.

वॉटसन आणि रेमी या मानसशास्त्रज्ञांनी 1972 साली आठ आठवड्यांच्या बाळांच्या पाळण्यावर एक फिरते खेळणे टांगले. काही बाळांनी उशीवर डोके हलवले की ते फिरे. काहींचे मात्र आपोआप फिरत राही. स्वतः फिरवणारी बाळे दिवसागणिक डोके अधिक हलवू लागली आणि ती खेळण्याकडे पाहून हसतात, हुंकारतात, असे त्यांच्या आयांनी सांगितले. फिरते खेळणे तर दुसऱ्या बाळांनाही मिळाले होते.

गेल्या उत्तरायणाला मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिवसभर फिरकी दिली. कन्नी मी बांधली, पतंग मी चढवला, तो वर स्थिरावल्यावर मांजा घटकाभर त्याच्या हातात दिला आणि पेच लागताच काढून घेतला. पतंग कापला गेला की कधी मी हसून सोडून दिले, तर कधी ‘फिरकी नीट धरत नाहीस’ म्हणून त्याच्यावर ओरडलो. यातले कधी काय होईल हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. दुपारी ‘बाबा, तुम्हीच उडवा’ एवढे म्हणून तो गच्चीवरून खाली गेला. आमच्या घरात धाक नव्हता, लाडच होते.

सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांवरून, सुटका नसलेला त्रास सोसून प्राणी असहायता शिकतो, असा निष्कर्ष काढला होता. 2016 मध्ये त्याच दोघांनी तो उलटा केला: प्रदीर्घ त्रासात निपचित पडणे ही उपजत प्रतिक्रिया आहे; शिकावे लागते ते आपल्या करण्याने काही घडते, हे. ही शिकवण मुलाला पहिल्यांदा मिळते ती घरात, म्हणून मी घराविषयी इतक्या आग्रहाने लिहितो.

आपला दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जे हातात नाही ते हातात आहे असे सांगितले, तर मूल परिस्थितीचा दोष स्वतःच्या माथी घेते. सयाजीराव महाराजांनी 1906 साली बडोदे राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा ज्या मुलांपुढे शाळेचे दारच नव्हते त्यांच्यासाठी ते उघडले. तोवर त्यांना मेहनतीचा उपदेश करण्यात अर्थ नव्हता. याच शहरात राहून मला हे सुचायला हवे होते. लेखातले ‘सारे मुलाच्याच हातात असते’ हे वाक्य मी आज काढून टाकले आहे.