‘प्रवाळ तर विक्रमी वाढलं!’ – फिरणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफबद्दलचा, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या प्रचंड रांगेबद्दलचा, एक मेसेज अधूनमधून पुन्हा फिरायला लागतो. त्याचं सार असं: शास्त्रज्ञांनी ही रीफ मेली म्हणून बोंब मारली, पण २०२२ साली तिथे ३६ वर्षांतलं सर्वाधिक प्रवाळ आढळलं. प्रवाळाला ऊबच मानवते. पांढरं पडलेलं प्रवाळ पुन्हा रंग धरतं. आणि डायनासोरांच्या काळापासून टिकलेल्या जीवाला एखाद्या अंशाने काय होणार? यातली प्रत्येक गोष्ट अर्धी खरी आहे. म्हणूनच तो पटतो, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

‘रीफ मेली म्हणाले.’ २०१६ मध्ये एका अमेरिकी मासिकाने या रीफचा चक्क मृत्युलेख छापला होता. त्याला हरकत घेतली ती प्रवाळांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच. त्यांचं मोजमाप वेगळं आणि पुरेसं गंभीर होतं: त्या वर्षीच्या उष्णतेनंतर अवघ्या नऊ महिन्यांत उथळ पाण्यातलं सुमारे ३० टक्के प्रवाळ मेलं.

‘२०२२ मध्ये विक्रम झाला.’ हो, झाला. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या पाहणीत उत्तर भागात ३६ टक्के आणि मध्य भागात ३३ टक्के जिवंत कठीण (चुन्याचा सांगाडा बांधणारं) प्रवाळ नोंदलं गेलं. मेसेजमध्ये दक्षिण भाग मात्र गायब असतो. तिथला आकडा त्याच वर्षी ३८ वरून ३४ वर उतरला होता, कारण काटेरी मुकुटवाला तारामासा प्रवाळावर ताव मारत होता.

हा आकडा मिळतो कसा, तेही पाहू. एक छोटी बोट निरीक्षकाला दोरीने ओढत रीफच्या कडेने नेते. दर दोन मिनिटांनी थांबून तो खाली दिसलेल्या तळाचा किती हिस्सा जिवंत प्रवाळाने झाकलाय, याचा अंदाज लिहितो. पद्धत चांगली आहे, पण ती प्रवाळ ‘किती’ ते सांगते, ‘कोणतं’ ते नाही. पावसाळ्यात उघडा डोंगरही हिरवागार दिसतो, म्हणून तिथे जंगल परतलं असं आपण म्हणत नाही. २०२२ ची वाढ बहुतांशी अ‍ॅक्रोपोरा गटातल्या प्रवाळांची होती. फांद्यांची किंवा पसरट टेबलासारखी ही प्रवाळं वर्षाला १० सेंटिमीटरहून जास्त वाढू शकतात, तर पोरायटिससारखं गोलसर, दगडी प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर. पण वादळात आधी मोडतं, ताऱ्यामाशाच्या तोंडी आधी जातं आणि उष्णतेत आधी मरतं, तेही अ‍ॅक्रोपोराच. संस्थेने हा इशारा त्याच अहवालात दिला होता. पुढे २०२४ च्या उष्णतेनंतर, २०२५ च्या अहवालात उत्तरेचं प्रमाण ३९.८ वरून ३० टक्क्यांवर आणि दक्षिणेचं ३८.९ वरून २६.९ वर आलं. या दोन्ही भागांत एका वर्षातली इतकी मोठी घसरण मोजमाप सुरू झाल्यापासून कधी नोंदली गेली नव्हती. हा आकडा मेसेजमध्ये कुणी घालत नाही, याची मला मनापासून चीड येते.

‘प्रवाळाला ऊब मानवते.’ मानवते, पण ते आपल्या सहनशक्तीच्या अगदी काठावर जगतं. प्रवाळाचा एकेक प्राणी, म्हणजे पॉलिप, बहुतेक जातींत काही मिलिमीटरचाच असतो. त्याच्या पारदर्शक पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि प्रवाळाची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागवतं. चुन्याचा एवढा मोठा सांगाडा उभा राहतो तो या शिदोरीवर. पाणी तिथल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा केवळ एक अंशाने वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि पॉलिप त्या शैवालाला बाहेर टाकतो. मग पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसतो. ‘एखादा अंश’ म्हणजे नेमकं हे.

‘पांढरं पडलं तरी पुन्हा रंग येतो.’ येतो, पाणी वेळेत थंड झालं तर. पांढरं प्रवाळ जिवंत असतं. जवळून पाहिलं तर त्याची शुंडकं हलताना दिसतात. पण ते उपाशी असतं. मेलं, की काही दिवसांतच त्या सांगाड्यावर तपकिरी-हिरव्या शेवाळाची लव चढते. जे वाचतं त्याची वाढ मंदावते, पुढच्या हंगामात अंडी कमी सुटतात, रोग लवकर जडतात. खरा प्रश्न उसंतीचा आहे. जगभरच्या रीफवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पांढरं पडण्याच्या दोन तीव्र घटनांमध्ये सरासरी २५ ते ३० वर्षं जात, २०१६ पर्यंत ते अंतर सहा वर्षांवर आलं. सर्वांत वेगाने वाढणाऱ्या प्रवाळांनाही सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. ग्रेट बॅरियर रीफवर मोठ्या प्रमाणावर पांढरं पडण्याच्या घटना २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये झाल्या. त्यातलं २०२२ तर ला निनाचं, म्हणजे एरवी थंडाव्याचं वर्ष.

‘डायनासोरांच्या काळापासून टिकलं.’ आजच्या कठीण प्रवाळांचा वंश सुमारे २४ कोटी वर्षांचा आहे, खरंय. पण त्याआधीचे प्रवाळांचे दोन मोठे गट २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात समूळ गेले आणि त्यानंतर अनेक दशलक्ष वर्षं समुद्रात प्रवाळांच्या रीफच नव्हत्या. वंश तगणं वेगळं आणि मासे, किनारे, माणसं ज्यावर विसंबून आहेत ती रीफ तगणं वेगळं.

आणि हे फक्त ऑस्ट्रेलियाचं दुखणं नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर १९९८ मध्ये ३७ टक्के असलेलं प्रवाळ २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्या खाली आलं. मधल्या काळात १९९८, २०१० आणि २०१६ असे उष्णतेचे तीन मोठे तडाखे बसले. आपल्या मालवणच्या समुद्रातही पोरायटिस, टर्बिनेरिया यांसारखी कठीण प्रवाळं आहेत. गढूळ पाण्याची सवय असलेली ही चिवट मंडळी, पण त्यांच्यातही पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत. समुद्र थंड ठेवणं मालवणच्या हातात नाही. बोटीचा नांगर प्रवाळावर न टाकणं, सांडपाणी न सोडणं, फोटोसाठी प्रवाळावर उभं न राहणं मात्र आहे. उष्णतेतून वाचलेलं प्रवाळ पुन्हा उभं राहणार की नाही, हे पुष्कळसं त्यावर ठरतं.