एकट्या मुलाला निम्म्या दरात विमान तिकीट? – खुलासा

एकट्याने नातेवाइकांकडे जाणाऱ्या मुलाला विमानाचे तिकीट निम्म्या दरात मिळते आणि देखरेखीची सेवाही (विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी मुलाकडे लक्ष देण्याची) मोफत असते, असा जो संदेश फिरत आहे, तो चुकीचा आहे. २ ते ११ वर्षांच्या मुलांची सवलत, जिथे ती असते तिथेही, बहुधा मोठ्या माणसासोबतच्या प्रवासापुरती असते; एकट्या मुलासाठी अनेक कंपन्या प्रौढाचे पूर्ण भाडे घेतात आणि देखरेखीचे शुल्क वेगळे लावतात. रायनएअर ही आयर्लंडची स्वस्त दरातली विमान कंपनी तर १६ वर्षांखालील मुलाला एकट्याने नेतच नाही. त्यामुळे सर्वांत स्वस्त दिसणारे तिकीट आधी काढून मग नियम वाचणे (ही चूक सहज होते) महागात पडते. देखरेखीचे शुल्क बऱ्याचदा जाताना आणि येताना वेगवेगळे लागते, म्हणून तुलना एकूण खर्चाचीच करावी.