कॅटकॉन काढून पाइप लावायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

नाशिकच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सायलेन्सरच्या लायनीतला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅटकॉन, काढा आणि साधा पाइप वेल्ड करून घ्या. मायलेज वाढेल, पीयूसी पास होईल, गाडीच्या कॉम्प्युटरला कळणारही नाही, जुना कॅटकॉन भंगारात द्या. अंबडला माझं गॅरेज आहे. हा मेसेज दाखवून तसंच काम मागणारी तीन गिऱ्हाइकं मी परत पाठवली, म्हणून लिहितोय.

"मायलेज वाढतं." चोंदलेला कॅटकॉन काढला तर वाढेलच, अडलेला धूर मोकळा होतो. चांगला काढून मात्र हाती काही लागत नाही. खरं विचारायचं ते हे, की तो चोंदला कशाने? मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. मध्यंतरी इंदिरानगरची एक पेट्रोल गाडी आली. मुंबईहून येताना कसारा घाट चढेना. खालून रबरी हातोडीने ठोकलं तर आत खुळखुळ. उतरवून उजेडात धरला, तर मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी एका बाजूने वितळून तिचा गोळा झालेला. दोष कॅटकॉनचा नव्हताच. तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी, गेली होती आणि तिथलं न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटत होतं. मालक म्हणाले, "दादा, दोन महिने गाडी थरथरत होती, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. म्हटलं, बघू पुढे." अहो, दिवा लुकलुकतो तो कॅटकॉन धोक्यात आहे हेच सांगायला! कॉइल तशीच ठेवून नवा बसवला असता तर तोही वितळला असता. इंजिन ऑइल जाळत असेल तरी जाळी खराब होते. म्हणून आधी प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि ऑइल बघायचं, कॅटकॉनला हात नंतर.

"पीयूसी पास होते." बीएस ४ (प्रदूषणाचं सरकारी मानक) पेट्रोल कारला आयडलिंगवर, म्हणजे उभी गाडी नुसती चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घालून मोजलं तर नुसत्या पाइपवर ती पाळणं अवघड. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. सोसायटीच्या तळघरात सकाळी गाडी चालू करून ठेवता, तेव्हा शेजारून मुलं शाळेला निघालेली असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) मध्ये प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि ३ महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

"कॉम्प्युटरला कळत नाही." कॅटकॉनच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर याचसाठी असतात. पाइप लावला की दोघांचं रीडिंग सारखं येतं, स्कॅनरवर पी०४२० कोड, म्हणजे कॅटकॉन नीट काम करत नाही ही खूण, दिसतो आणि दिवा कायमचा लागतो. मग उद्या खरा बिघाड झाला तरी तुम्हाला कळणार कसा?

"जुना भंगारात द्या." त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. नवा बसवलात तर जुना मागून घ्या, डिकीत ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय लोखंडाच्या दराने कुणाला देऊ नका.